नव्या घटनेचा रविवार

आमच्या मंडळाची नवी घटना आमच्या स्वयंपाकघरात लिहिली गेली. त्यामागे काही उदात्त कारण नव्हते. भिलाईच्या पोलाद प्लांटने दिलेल्या, सेक्टर दहामधल्या आमच्या क्वार्टरला दोन खोल्या आणि एक व्हरांडा होता. दोन्ही खोल्यांत छताचे पंखे गरगरत आणि व्हरांड्यात प्लांटकडून येणारी बारीक तांबडी धूळ बसे. कागद जागेवर राहतील आणि पांढरेही राहतील अशी जागा एकच, आईच्या ओट्यासमोरची. बाबा तिथे पाटावर बसत, समोर चौरंग घेत आणि एकेक कलम मोठ्याने वाचून पाहत. आई पोळ्या लाटत असे. कलम तिला पटले नाही तर लाटणे थांबे, आणि बाबांना मागे वळून पाहण्याची गरज पडत नसे. पहिल्या मसुद्याच्या एका पानावर अंबाडीच्या भाजीचा डाग पडला होता. पुढे कितीतरी दिवस ते पान हातात आले की मला आधी भाजीचा आंबूस वास येई आणि मग त्यावरचा मजकूर दिसे.

हे लिहायला मी फार उशिरा बसले आहे. आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवले, दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांतली प्रकरणे मुलींना समजावून सांगितली, पण स्वतःच्या घराविषयी चार ओळी लिहिण्याचा हाताला सराव नाही आणि मनाला धीर तर कधीच नव्हता. तरी त्या एका हिवाळ्याविषयी लिहावेसे वाटते. तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. घरात मला ‘बेबी’ म्हणत. बाहेरही तेच म्हणत, कारण माझे खरे नाव विचारण्याइतके माझ्याशी कोणी बोलत नसे.

बाबा प्लांटच्या कार्मिक विभागात मोठे बाबू होते. त्यांची जनरल शिफ्ट असे: सकाळी डबा घेऊन जायचे, संध्याकाळी परत यायचे, रविवार सुटीचा. प्लांटचा भोंगा दिवसातून तीन वेळा होई. सकाळी सहाला, दुपारी दोनला, रात्री दहाला. हजारो माणसे त्या आवाजावर उठत, जेवत, झोपत. आमच्या घराला मात्र भोंग्याचा उपयोग घड्याळ लावण्यापुरता होता. दोनचा भोंगा झाला की आई भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हणे, “पाच मिंट मागं हाय,” आणि स्टुलावर चढून काटा सरकवी. त्या आवाजाचा आमच्याशी याहून अधिक संबंध आहे असे कधी कोणाच्या मनात आले नाही.

मंडळ म्हणजे भिलाईतल्या मराठी माणसांचे मंडळ. नागपूर, भंडारा, गोंदियाकडून नोकरीसाठी आलेल्या माणसांनी टाउनशिप अर्धी बांधून व्हायची होती तेव्हाच ते काढले होते. त्यात साहेब होते, बाबू होते आणि भट्टीवर काम करणारेही होते. गणेशोत्सव, कोजागिरी, हळदीकुंकू आणि एक बऱ्यापैकी मोठे सभागृह, एवढा त्याचा पसारा. मंडळाची जुनी घटना संस्थापकांनी लिहिली तेव्हा सारे गडी एकटे आलेले होते. एक क्वार्टर म्हणजे एक माणूस, असा सरळ हिशेब होता. म्हणून त्यांनी लिहून ठेवले की ज्याच्या नावे क्वार्टर मिळाला असेल तोच सभासद आणि त्यालाच मत. पुढे बायका आल्या, मुले झाली, मुले मोठी झाली, आणि कलम तसेच राहिले. बाईला मत नव्हते. टाउनशिपच्या बाहेर राहणाऱ्याला मत नव्हते. क्वार्टर सुटला की सभासदत्व सुटे, आणि सभासदत्व सुटले की सभागृहही.

यात अडकल्या त्या शेवंताकाकू. त्यांचे यजमान सेक्टर दोनमध्ये राहत आणि कोक ओव्हनमध्ये, कोळसा भाजायच्या भट्टीवर, काम करत. काविळीचे निमित्त होऊन ते गेले. क्वार्टर सोडावा लागला. काकू मुलगी सुशी हिला घेऊन टाउनशिपबाहेर वैशाली नगरात दोन भाड्याच्या खोल्यांत आल्या आणि एकट्या राहणाऱ्या पोरांचे डबे करू लागल्या. मंडळाच्या गणपतीचा महाप्रसाद मात्र दरवर्षी त्यांच्याच हातचा असे. मोठ्या पातेल्यातला गोळाभात त्यांच्यासारखा मोकळा कोणाला जमत नसे. सभागृहाच्या मागच्या चुलीवर त्या दोन-दोन दिवस उभ्या राहत. सुशीचे लग्न ठरले तेव्हा त्या सभागृह मागायला गेल्या आणि हात हलवत परत आल्या, त्या सरळ आमच्या स्वयंपाकघरात.

“सभासद नाही म्हणे मी,” त्या आईला म्हणाल्या. “वहिनी, त्या चुलीवर माया हाताले फोड आले, तवा नाही कोणी इचारलं, बाई तू सभासद हायस का म्हणून.”

बाबा पाटावरून म्हणाले, “माझ्या नावावर घेऊ ना हॉल. त्यात काय?”

“तसंच म्हणे सेक्रेटरी. नियम असा म्हणे का सभासदाच्या सोताच्या पोरीचंच लग्न व्हाले पायजे. तं म्हणे, लिहून टाका भाऊजींची पोरगी म्हणून.” काकूंनी पदराने तोंड पुसले. “सुशीले बाप होता, भाऊजी. मेला म्हणून काय नाव बदलावं त्याचं? त्याच्या नावानं होत नसन तं माया नावानं व्हावं. नाही तं नको.”

आईचे लाटणे थांबले होते. “ऐकलं का जी,” ती म्हणाली, “तुम्ही रोज रेडिओवर देशाची घटना ऐकून राहिले. हे गल्लीतली कोण दुरुस्त करन?”

आणीबाणी उठून थोडाच काळ झाला होता. दिल्लीत घटनेत आधी घुसवलेले बदल काढून टाकणे चालू होते. त्यांतल्या काहींना राज्यांच्या विधानसभांचीही मान्यता लागते, ही गोष्ट बाबांना फार आवडे. घरच्या सोयरिकीची बोलणी ऐकावीत तशा कान देऊन ते संध्याकाळच्या बातम्या ऐकत. “एकट्या दिल्लीनं म्हणून चालत नाही, बेबी,” ते मला सांगत. “घरोघरी जाऊन विचारावं लागतं.” आमच्या मंडळाच्या संस्थापकांनीही, त्या काळच्या उत्साहात, देशाच्याच घटनेचा कित्ता गिरवला होता. मंडळाची घटना बदलायची तर आधी मध्यवर्ती समितीची मंजुरी, आणि नंतर प्रत्येक सेक्टरच्या शाखेची वेगळी सभा. सभेला निम्मे सभासद हजर हवेत. दोन-तृतीयांश शाखांनी होकार दिला तरच नवी घटना पक्की. आणि हे सारे वार्षिक सभेच्या आत, नाहीतर मसुदा रद्द. बाबांना हे नियम जाचक वाटले नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळला. मला आज वाटते, नियम जितके कडक तितका त्यांना माणसांवर अधिक विश्वास वाटे.

नव्या घटनेतले मुख्य कलम एका वाक्याचे होते: मराठी बोलणारी कोणतीही सज्ञान व्यक्ती, स्त्री असो वा पुरुष, क्वार्टरमध्ये राहो वा बाहेर, मंडळाची सभासद होऊ शकेल आणि तिला एक मत असेल. हे वाक्य बाबांनी इतक्या वेळा बदलले की आईला ते पाठ झाले आणि ती ते धुण्याच्या तालावर म्हणू लागली. मसुदा टाइप करायला मिळाला तो हिंदीचा टाइपरायटर, आणि त्यावर ‘ळ’ नव्हता. प्रत्येक ‘मंडळा’त एक रिकामी जागा सुटे. प्रती काढायच्या मेणकागदी स्टेन्सिलवर ती रिकामी जागा लोखंडी टोकाने कोरून भरण्याचे काम माझ्याकडे आले. बोलावे न लागणारे काम असल्याने मी ते मन लावून केले. सायक्लोस्टाइलची शाई बोटांना लागली की चार दिवस निघत नसे, आणि कॉलेजात मी हात ओढणीखाली धरून बसे. तेव्हा मतासाठी लागणारी एकवीस वर्षे मला पूर्ण झाली होती. ते कलम माझ्याही विषयी होते, हे मला कळत होते. मी ते कोणाला बोलून दाखवले नाही.

मध्यवर्ती समितीने मसुदा फारसा न वाचताच शाखांकडे पाठवला, आणि मग आमचा हिवाळा सुरू झाला. संध्याकाळी बाबा ऑफिसातून येत, चहा घेत आणि स्कूटर काढत. मागे मी, मांडीवर मसुद्याच्या प्रती. आज हा सेक्टर, उद्या तो. प्रत्येक घरात चहा, प्रत्येक घरात चिवडा, प्रत्येक घरात तोच प्रश्न आणि बाबांचे तेच उत्तर. परतीच्या वाटेवर प्लांटकडे कुठेतरी स्लॅग, भट्टीतला वितळलेला मळ, ओतत आणि आभाळाचा तो कोपरा काही क्षण लाल होई. बाबा दरवेळी म्हणत, “बघ, बेबी,” आणि मी दरवेळी बघे. पहिल्या आठवड्यात त्यात काही सौंदर्य होते. नंतर फक्त थंडी वाजे.

मंडळाचे अध्यक्ष कर्णिकसाहेब नव्या घटनेच्या विरुद्ध होते. मोठे अधिकारी, बंगल्यात राहत. बागेत डेलियाची फुले होती आणि चहाच्या कपांना सोनेरी कड होती. माणूस मनाचा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते.

“तुमची तळमळ मी समजू शकतो,” ते बाबांना म्हणाले. “पण उद्या बाहेरचे ठेकेदार, दुकानदार, सगळे सभासद होतील. मंडळ म्हणजे काही धर्मशाळा नव्हे.”

“शेवंताबाई ठेकेदार नाहीत, साहेब.”

“त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण कायदा एका माणसाला पाहून करायचा नसतो.” मग ते माझ्याकडे वळले. “ही राज्यशास्त्राची विद्यार्थिनी ना? तूच सांग बरं, बेटा. जिथं माणसाचं घर नाही, तिथं त्याचं नागरिकत्व कसं?”

बाबा माझ्याकडे फार आशेने पाहत होते. मी खाली डेलियाकडे पाहिले. कर्णिकसाहेबांनी मोठ्या समजूतदारपणे विषय बदलला. स्कूटर मोठ्या रस्त्याला लागल्यावर मला उत्तर सुचले. मी बाबांच्या पाठीला म्हटले, “बंगला तर त्यांचाही नाही, प्लांटचा आहे.”

“काय म्हणालीस?” वाऱ्यात बाबांना ऐकू आले नव्हते.

“काही नाही,” मी म्हटले.

शाखांचे निकाल येऊ लागले. एक होकार, एक नकार, दोन होकार, पुन्हा नकार. प्रत्येक निकालाने घरातला कोणीतरी थोडा वाकला. बाबांचा खोकला वाढला. आईने सणासाठी वाटाण्यांच्या डब्यात लपवलेली साखर रोजच्या चहाला काढत महिना निभावला आणि एके दिवशी म्हणाली, “अहो, देशाची घटना झाली तवा एवढा चहा लागला असन का?” बाबा हसले, पण उशिरा. आमच्याच सेक्टर दहाच्या शाखेने मसुदा नाकारला तेव्हा ते हसलेही नाहीत. शेजारचे लोक होते. रोज सकाळी दुधाच्या केंद्रावर भेटणारे. कोणी दुष्टाव्याने विरुद्ध गेले नाही. बहुतेकांनी खांदे उडवून म्हटले, आहे ते बरे चालले आहे. या वाक्याला कोणत्याही पुस्तकात उत्तर नाही. मी पुढे पुष्कळ शोधले.

अखेर सारे सेक्टर दोनवर येऊन थांबले. तिथून होकार आला की नवी घटना पक्की. आणि तिथली शाखा तर घरचीच होती: शेवंताकाकूंचा जुना मोहल्ला, भट्ट्यांवर आणि कोक ओव्हनवर काम करणारी भंडारा-गोंदियाची माणसे. एकानेही नाही म्हटले नव्हते. तिथल्या शाखेचे चिटणीस बावणे मशीन शॉपमध्ये होते, बाबांसारखेच जनरल शिफ्टवाले. त्यांनी आणि बाबांनी आमच्याच ओट्यासमोर बसून वार्षिक सभेच्या आधीचा शेवटचा रविवार नक्की केला. “रविवारी तीन वाजता,” बाबा म्हणाले, “म्हणजे सगळे जेवून, थोडे आडवे होऊन आरामात येतील.” बावणे म्हणाले, “हो जी, संडेले सारे मोकळेच.” आई पातेले घासत होती. तिनेही मान डोलावली.

त्या रविवारी आई आणि शेवंताकाकू सकाळच्याच बसने पुढे गेल्या. सभेनंतर सर्वांना पोहे आणि चण्याची तर्री द्यायची असे काकूंनी ठरवले होते. मी आणि बाबा स्कूटरवर निघालो. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. सेक्टर दोनच्या वळणावर समोरून सायकलींची मोठी रांग आली. हँडलला डबे, डोक्यावर पिवळी हेल्मेटे. त्यांत आमच्या ओळखीचे कितीतरी चेहरे होते. हिवाळाभर त्यांच्या घरी आम्ही चहा प्यालो होतो. बाबांना आनंद झाला. त्यांनी स्कूटर हळू केली, हात उंच केला आणि ओरडले, “तीन वाजता! विसरू नका!”

रांगेतले लोक हसले. कोणी घंटी वाजवली. “हो जी, भाऊसाहेब!” एकजण ओरडला आणि पायडल मारत प्लांटच्या दिशेने निघून गेला. आम्ही पुढे गेलो. स्कूटर उभी करेपर्यंत दोनचा भोंगा झाला. बाबांनी सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले आणि किल्ली फिरवून काटा सारखा केला.

शाखेला स्वतःची जागा नव्हती. शाळेमागच्या मैदानात कडुलिंबाखाली सतरंज्या घातल्या होत्या. एक टेबल, तीन खुर्च्या. कर्णिकसाहेब अध्यक्ष म्हणून वेळेआधीच आले होते. सतरंज्या भरलेल्या होत्या, पण बायकांनी. सेक्टर दोनच्या साऱ्या बायका पोरेबाळे घेऊन आल्या होत्या. त्यांना काकूंनी बोलावले होते आणि त्यांना मत नव्हते. पुरुष म्हणावे तर टेबलाजवळ काही जनरल शिफ्टवाले आणि दोन निवृत्तीला आलेले म्हातारे. तीन वाजले. सव्वातीन झाले. एकजण रात्रपाळी करून झोपेतून उठून आला, डोळे चोळत. बाबा मैदानाच्या फाटकाशी जाऊन रस्ता पाहून आले.

“कावून, बावणे? सांगितलं होतं ना सगळ्यांना?”

“घरोघरी सांगतलं जी. हो म्हणले सारे.”

“मग?”

समोरच्या सतरंजीवर एक बाई पोराला मांडीवर थोपटत बसली होती. ती म्हणाली, “भाऊसाहेब, आमच्या लायनीची ह्या हप्त्यात सेकंड शिफ्ट हाय. दोन ते दहा. तुम्हीच तं वाटेत हात केला म्हणे त्याइले.”

दुसरी म्हणाली, “आमचे म्हणे, भाऊसाहेब मजाक करून राहिले.” बायकांत हशा पिकला आणि लगेच विझला.

बावण्यांनी कपाळावर हात मारला. सेक्टर दोनमध्ये क्वार्टर खात्याप्रमाणे दिलेले होते. पूर्ण ओळीची शिफ्ट एकदम बदले. हे त्यांना ठाऊक होते, सर्वांनाच ठाऊक होते. “बारसं असो, जावळं असो, आम्ही शिफ्ट पाहूनच टाईम ठेवतो जी,” ते म्हणाले. “सभा म्हटली का डोक्यात ऑफिसच आलं. अन् ऑफिस म्हणजे संडे.” बाबा खुर्चीवर बसले. हिवाळाभर ज्यांच्यासाठी ते थंडीत फिरले होते, त्यांचा रविवार त्यांनी स्वतःच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून ठरवला होता.

निम्मे सभासद नव्हते. सभा होऊ शकत नव्हती, आणि वार्षिक सभेच्या आत दुसरी सभा बोलावायला नियमाप्रमाणे वेळ उरला नव्हता. बावणे बाबांच्या कानाशी वाकले, पण मी शेजारीच होते. “भाऊसाहेब, ह्या बाया बसल्या ना. एकेकीनं नवऱ्याची सही ठोकून दिली तं झालं. शाळेच्या प्रोग्रेस बुकवर ह्याच करतात. घरवाला काही नाही म्हणणार नाही. त्याइचं मत तं हेच हाय.”

खोटे काहीच नव्हते त्यात, सहीखेरीज. बाबा टेबलावरच्या कागदाकडे पाहत राहिले. कर्णिकसाहेबांनी ऐकले असावे. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि उठून म्हणाले, “मी जरा पाणी पिऊन येतो. नळ तिकडं मागं आहे ना?” आणि ते खरोखरच शाळेच्या मागे निघून गेले. त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीइतका मोठा होकार आम्हांला हिवाळाभर कोणी दिला नव्हता.

बाबांच्या हातात पेन होते. बायका टेबलाकडे सरकल्या होत्या. एकीने तर पदराला हात पुसून हात पुढेही केला. बाबांनी शेवंताकाकूंकडे पाहिले. त्या स्टोव्हजवळ पोह्यांच्या पातेल्याशी उभ्या होत्या.

“नको, भाऊजी,” काकू म्हणाल्या. “पोरीच्या बापाचं नाव नाही बदललं मी. आता ह्या बायाइले नवऱ्याच्या नावानं सही कराले लावू?” त्यांनी झाकण उचलले. “तुम्ही काय ते खरं लिहा. पोहे थंडे होऊन राहिले.”

बाबांनी लिहिले: गणपूर्तीअभावी सभा होऊ शकली नाही. कर्णिकसाहेब परत आले, त्यांनी वाचले, बराच वेळ कागद हातात धरला आणि सही केली. मग आम्ही सर्वांनी पोहे खाल्ले. तर्री झणझणीत होती आणि बायका एकमेकींना वाढत होत्या. कर्णिकसाहेबांनी दुसऱ्यांदा घेतले. मी एका कोपऱ्यात उभी राहून न वाटलेल्या प्रती पुन्हा पिशवीत भरत होते. प्रत्येक पानावर माझ्या हाताने भरलेले ‘ळ’ होते.

त्या संध्याकाळी घरी कोणी दिवा लावायची घाई केली नाही. बाबा पाटावर बसले, पण चौरंग पुढे ओढला नाही. आईने कणकेची परात पुढे घेतली. मग ओट्याकडे तोंड करून, बाबांना नव्हे तर स्वतःलाच सांगावे तशी म्हणाली, “इतके वर्ष भोंगा ऐकून राहिलो आपण. पण ऐकला कधी?”

आता हे लिहिताना त्यानंतरचेही सांगून टाकायला हवे. बाबा निवृत्त झाले तेव्हा आम्ही सेक्टर दहाचा क्वार्टर सोडला आणि वैशाली नगरात लहानसे घर बांधले. क्वार्टर सुटला तसे जुन्या घटनेप्रमाणे बाबांचे सभासदत्वही सुटले. मंडळाच्या यादीतून नाव निघाल्याचे पत्र आले ते त्यांनी वाचले, घडी केली आणि म्हणाले, “बरोबर आहे.” पुष्कळ वर्षांनी, सारी संस्थापक मंडळी गेल्यावर, एका वार्षिक सभेत चहाच्या आधी कोणीतरी उठून सुचवले की आता सर्वांनाच सभासद करून घ्यावे, वर्गणी तरी येईल. शाखा तोवर उरल्याच नव्हत्या. हात वर झाले आणि विषय संपला. मी तिथे पाहुणी म्हणून मागे बसले होते. कोणालाही भाषण करावे लागले नाही. मला मत मिळाले त्या दिवशी माझे केस पिकले होते, आणि घरी येऊन ते सांगण्यासाठी बाबा नव्हते. विद्यार्थिनींना मी घटनांच्या मान्यतेचे प्रकरण दरवर्षी शिकवले. त्यात बहुमत असते, गणपूर्ती असते, मुदत असते. दमलेली माणसे कुठल्याच पुस्तकात नसतात.

पण त्या हिवाळ्याच्या शेवटी सुशीचे लग्न झाले. शेवंताकाकू सेक्टर दोनमध्ये दारोदार फिरल्या आणि प्रत्येक दारात त्यांनी एकच गोष्ट विचारली: “पुढच्या हप्त्यात तुमची कोणती शिफ्ट?” मग त्या भटजींकडे गेल्या. मी सोबत होते. भटजींनी पंचांग उघडून गोरज मुहूर्त सुचवला.

“गोरज नाही जमत, महाराज. साऱ्याइची सकाळची शिफ्ट हाय, सहा ते दोन, रातच्याले लवकर निजतात. बुधवारचा काढा. तीन वाजताचा.”

“अहो बाई, पंचांगात त्या वेळेला नाही.”

“तुमचं पंचांग कोणत्या शिफ्टमधलं हाय?” काकू म्हणाल्या. भटजी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहत राहिले, मग हसले, आणि शोधल्यावर तीननंतरची एक बऱ्यापैकी वेळ निघाली.

सभागृह मिळाले नव्हतेच. मांडव पडला तो शाळेमागच्या त्याच मैदानात, त्याच कडुलिंबाखाली, त्याच सतरंज्यांवर. दोनचा भोंगा झाला आणि थोड्या वेळाने फाटकातून सायकली येऊ लागल्या. काही जण घरी जाऊन अंगावर पाणी घेऊन आले होते, त्यांच्या केसांतून थेंब गळत होते. काही तसेच आले होते, बाहीला काळे लागलेले, हातात रिकामे डबे. सतरंज्या पुरल्या नाहीत. लोक भिंतीवर बसले, झाडाच्या बुंध्याशी उभे राहिले. कर्णिकसाहेब सपत्नीक आले आणि खुर्ची आणून दिली तरी तिच्यावर बसले नाहीत.

मंगलाष्टके सुरू झाली. अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेले बाबा माझ्या शेजारी उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मला वाटले, तेही म्हणत असावेत. मग पाहिले तर त्यांची नजर गर्दीवरून ओळीओळीने फिरत होती. पलीकडून आईच्याही ध्यानात आले. तिने त्यांच्या मुठीत अक्षता कोंबल्या आणि हळूच म्हणाली, “आता तरी मोजू नका जी.”

बाबा थोडे ओशाळले. पुढच्या कडव्याला ते माझ्याकडे वाकले. “निम्म्याहून कितीतरी जास्त आहेत, बेबी,” ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिले. या वेळी वारा नव्हता आणि मी त्यांच्या पाठीशी बोलत नव्हते.

“बायका धरल्या का?” मी विचारले.

बाबा थांबले. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.